मेडलं घासू नका : आमच्या ग्रामपंचायतीला खुलं पत्र

मा. सरपंचताई, उपसरपंच, सर्व सदस्य आणि ग्रामसेवक साहेब,

जय भीम, जय हिंद.

गेल्या मासिक सभेत तुम्ही ठराव घेतला की पंचायत भवनातल्या सैनिक स्मृती खोलीतल्या सगळ्या वस्तू १५ ऑगस्टच्या आत 'नव्यासारख्या' करून घ्यायच्या. मेडलांना बफ पॉलिश, लोखंडी सामानाला ऑइलपेंट, कागदांना लॅमिनेशन, आणि ठेकेदाराला जे निरुपयोगी वाटेल ते भंगारात किंवा लिलावात. ठरावाची नक्कल मागून घेऊन मी वाचली. ज्या घरांनी विश्वासाने त्या वस्तू आणून दिल्या, त्यांतल्या एकाही घराला विचारलेलं नाही. माझं घर त्यांपैकीच एक आहे.

तुमच्या हेतूबद्दल मला शंका नाही. २०२३ साली 'मेरी माटी मेरा देश' मोहिमेत शिलाफलक बसवायचा होता, तेव्हा सरपंचताई, तुम्ही स्वतः घरोघरी फिरून नावं गोळा केली होती. तुम्हाला या माणसांची कदर आहे हे गावाने पाहिलं आहे. म्हणून आधी तुम्हालाच लिहितो, आणि गावानेही वाचावं म्हणून उघड लिहितो. हे काम एकदा झालं की उलटवता येत नाही. घासून गेलेलं अक्षर कोणत्याही ठरावाने परत येणार नाही.

माझं तालुक्याला लेथ आणि वेल्डिंगचं दुकान आहे, हे तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. ट्रॅक्टरचे शाफ्ट, मोटरपंपाचे बुश, थ्रेशरच्या पुली मीच करून देतो. बफ मशीन माझ्या रोजच्या हाताखालची. कापडाच्या फिरत्या चाकाला घासणारी पेस्ट लावायची आणि धातूचा वरचा थर काढून टाकायचा, याचं नाव बफ. चमक येते ती थर गेल्यामुळे. नळाच्या तोटीला ते चालतं. मेडलवर जे काही वाचण्यासारखं असतं ते सगळं त्या वरच्या थरातच असतं.

स्मृती खोलीतल्या कपाटात माझ्या आजोबांची चार मेडलं आहेत. ते १९४२ साली कामठीला भरती झाले. त्याच वर्षी जून महिन्यात महार रेजिमेंटची दुसरी बटालियन तिथे उभी राहत होती. आज पोरांना ही साधी भरती वाटते, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इंग्रजांनी महारांची फौजेतली भरती बंद केली. बाबासाहेबांचे वडील सुभेदार होते, पण पुढच्या पिढीला ते दार बंद झालं. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा १९१७ साली १११ महार ही पलटण काढली आणि गरज संपल्यावर १९२१ साली मोडून टाकली. १९४१ साली बाबासाहेब व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर गेले, त्यांनी हा प्रश्न लावून धरला, आणि त्या ऑक्टोबरात बेळगावला महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली. कामठीची दुसरी. ती ब्रह्मदेशात आघाडीवर गेली, आणि तिच्याबरोबर आपल्या गावचा एक माणूस गेला.

आजोबांना '१९३९-४५ स्टार', 'बर्मा स्टार', 'वॉर मेडल' आणि 'इंडिया सर्व्हिस मेडल' मिळालं. आता ठेकेदाराला माहीत नसलेली गोष्ट. दुसऱ्या महायुद्धाची मेडलं इंग्लंडमधल्या शिपायांना कोरी मिळाली. भारतीय फौजेतल्या शिपायांना मात्र ती नाव घालून दिली. गोल मेडलांच्या कडेवर आणि स्टारच्या पाठीवर बारीक इंग्रजी अक्षरं ठोकलेली असतात : नंबर, हुद्दा, नाव, पलटण. ती अक्षरं इतकी उथळ आहेत की नख फिरवलं तर जेमतेम लागतात. बफच्या चाकावर ती काही मिनिटांत सपाट होतील.

आजोबांच्या नावाने तेव्हा जमीन नव्हती, म्हणून सातबाऱ्यावर नाव नव्हतं. शाळेत कुणी बसू दिलं नाही, म्हणून हजेरीपटावर नव्हतं. गावच्या विहिरीचा रहाट आमच्या हातांना वर्ज्य होता. अशा काळात त्यांचं नाव, त्यांचा स्वतःचा नंबर, एका सरकारला धातूत ठोकून द्यावा लागला. १४ ऑक्टोबर १९५६ ला ते दीक्षेसाठी नागपूरला गेले तेव्हा ही चारही मेडलं त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर होती, असं आजी सांगायची. ती स्वतः त्यांना मऊ कोरड्या फडक्याशिवाय हात लावू देत नसे. आम्ही पोरं राख घेऊन बसलो की ओरडायची, "घासू नका रे, नाव चाललं जाईन!" तिला अक्षरओळख नव्हती. पण कडेवर नाव आहे आणि ते घासल्याने जाईल, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

सभेत एका सदस्यांनी विचारलं म्हणे, की फौजेतच जवान ब्रासो लावून बिल्ले चमकवतात, मग आम्ही चमकवलं तर काय बिघडलं? प्रश्न रास्त आहे आणि त्याला उत्तर द्यायला हवं. नोकरीत असताना तो पोशाख असतो, त्याची निगा हा शिस्तीचा भाग असतो, आणि तो ज्याचा असतो तोच ती राखतो. खराब झालं तर स्टोअरमधून दुसरं मिळतं. आजोबांना दुसरं कोण देणार? शिवाय त्या घासण्यानेही अक्षरं झिजतातच. जुन्या फौजींच्या घरची गुळगुळीत झालेली मेडलं मी दुकानात पाहिली आहेत. नाव कुणाचं, हे घरच्यांनाही सांगता येत नाही.

आता एकेक तक्रार मांडतो.

मेडलांवरचा तपकिरी थर म्हणजे मळ असं ठरावात गृहीत धरलं आहे. तांब्या-पितळेवर हळूहळू बसलेला तो घट्ट थर खालच्या धातूला सांभाळतो. त्याला भ्यायचं कारण नाही. भ्यायचं ते फिकट हिरव्या, भुकटीसारख्या ठिपक्यांना. मिठातला क्लोराइड धातूत शिरला आणि त्याला ओल मिळाली की आतून पोखरणं सुरू होतं आणि ते थांबत नाही. एका बर्मा स्टारच्या टोकाजवळ असे ठिपके मी स्वतः पाहिले आहेत. बफने ठिपका दिसेनासा होईल, मीठ आतच राहील, आणि पुढच्या पावसाळ्यात ते पुन्हा वर येईल. त्यावर उपाय आहेत, पण ते धातू-संवर्धन शिकलेल्या माणसाने करायचे आहेत.

आणि हे मीठ येतं कुठून? आपलं गाव खारपाणपट्ट्यातलं. बोअरचं पाणी कसं आहे हे मी सांगायला नको, कूलरच्या गवतावर दरवर्षी पांढरा थर चढतो. सभागृहातला मोठा कूलर नेमका त्या कपाटाच्या समोर बसवला आहे. होळीनंतर तो सुरू होतो आणि मृग लागेपर्यंत खाऱ्या पाण्याचे तुषार आणि ओली हवा थेट मेडलांवर जाते. रात्री कूलर बंद, वरून तापलेले टिनाचे पत्रे, खोली कोरडीठाक. दिवसा ओल आणि रात्री कोरड, हा खेळ तीन महिने. मग जुलैची खरी ओल. रिबिनी विरतात, लाकूड फुगतं, लोखंड फुलतं. माझ्या मते या खोलीचं आजवरचं सगळ्यात मोठं नुकसान या कूलरने केलं आहे, आणि ठरावात त्याचा उल्लेखसुद्धा नाही. कपाट समोरच्या भिंतीला सरकवायला एक पैसाही लागत नाही.

चांदीचं एक मेडल आहे, पहिल्या महायुद्धाचं, वरच्या आळीतल्या घराने दिलेलं. त्याच्या पाठीवर घोडेस्वार आहे. ते चांदीचं असल्यामुळेच अशी मेडलं जगभर नष्ट झाली. १९८० च्या सुमारास चांदीचा भाव भडकला तेव्हा लोकांनी ती वितळवायला दिली. आपल्याकडेही किती सोनाराच्या मुशीत गेली असतील, देव जाणे. हे एक वाचलं आहे. त्याच्याही कडेवर नाव आहे. त्याच्याखाली लोकरीचं लाल कापड अंथरलं आहे, तेही काढा, कारण लोकरीतल्या गंधकाने चांदी काळी पडते. साधं धुतलेलं पांढरं सुती कापड चालेल.

लोखंडी हेल्मेट, गोळ्यांचा डबा, पाण्याची बाटली. यांना ऑइलपेंट लावणार, आणि डब्याला म्हणे सोनेरी. हेल्मेटवर मूळ रंग खरखरीत आहे, तो मुद्दाम तसा केलेला, उन्हात चकाकू नये म्हणून. डब्यावर गोळीचा प्रकार, लॉट आणि साल छापलेलं आहे, अजून वाचता येतं. रंगाखाली ते कायमचं जाईल, आणि गंजावर मारलेल्या रंगाच्या आत गंज वाढतच राहतो, हे कुठलाही वेल्डर सांगेल. सुटा गंज मऊ ब्रशने झाडायचा, वर मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात द्यायचा, आणि कोरड्या जागी ठेवायचं. संग्रहालयं हे मेण वापरतात आणि ते पुन्हा काढताही येतं. बाटलीवरच्या लोकरीच्या गवसणीला कसर लागली आहे. ती पॉलिथिनमध्ये हवाबंद करून आठवडाभर उणे २० अंशांच्या डीप फ्रीजरमध्ये ठेवली की कसर आणि तिची अंडी मरतात. डांबराच्या गोळ्या टाकू नका.

यापुढची तक्रार जिवाची आहे. २५ पौंडी तोफेची पितळी केस, म्हणजे दारू भरायची नळी, बफला पाठवायची आहे आणि तिच्या तळाला भोक पाडून कारंज्यात बसवायची आहे. ती १९७१ च्या काळात तोफखान्यात असलेल्या काकांनी दिली. ती रिकामी दिसते. पण तळातला प्रायमर, म्हणजे दारू पेटवणारी टोपी, उडालेला आहे याची कुणी लेखी खात्री करून घेतली आहे का? अशा वस्तूला भोक पाडणं, तापवणं, घासणं यांतलं काहीही मी माझ्या दुकानात करत नाही आणि पोरांनाही करू देत नाही. २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये पुलगावजवळ जुना दारूगोळा निकामी करताना स्फोट झाला आणि सहा माणसं गेली. ते काम दारूगोळ्याच्या माहितगारांच्या देखरेखीखाली चाललं होतं. आपला ठेकेदार रंगकाम करतो.

त्याच कपाटात एक जुना कंपास आहे, आणि त्याची काच काढून आतून साफ करायचं ठरलं आहे. अजिबात उघडू नका. त्या काळी अंधारात आकडे दिसावेत म्हणून रेडियमचा रंग लावत. आज तो चमकत नाही, कारण रंगातला चमकणारा भाग मेला आहे. रेडियम जिवंत आहे, त्याचं अर्धं आयुष्यच सुमारे १६०० वर्षांचं. बंद काचेआड तो ठेवला तर ठीक, पण खरवडून धूळ श्वासात गेली तर घातक. शाळेची मुलं ती खोली बघायला येतात, म्हणून हे मोठ्या अक्षरांत लिहून लावा.

कागदांबद्दल थोडक्यात. डिस्चार्ज सर्टिफिकेटं आणि फौजी पोस्टाची दोन-चार पत्रं आहेत. लॅमिनेशन म्हणजे गरम प्लास्टिक कागदात वितळवणं. ते पुन्हा सुटत नाही, आणि जुना कागद आतल्या आत पिवळा पडून मोडत जातो. पॉलिएस्टरची पारदर्शक पाकिटं मिळतात, त्यांत सुटा कागद ठेवा. भिंतीवर झेरॉक्स लावा.

राहिला लिलाव. सर्वांत जास्त चीड मला याची आली. मेडलं गोळा करणारे लोक आहेत, शहरातून माणसं येतात, भाव करतात. संग्राहकांना मी नावं ठेवत नाही, अनेकांनी अशा वस्तू मनापासून जपल्या आहेत. पण बाजारात पहिली गोष्ट होते ती जुडगा फुटण्याची. बर्मा स्टार एकीकडे, वॉर मेडल दुसरीकडे, आणि मग तो एका माणसाचा इतिहास राहत नाही. बाजारात नकली स्टारही भरपूर आहेत. खरं-खोटं ओळखायची मोठी खूण म्हणजे ठोकलेलं नाव, आणि तेच तुम्ही आधी घासून मग विकायला निघालात. शिवाय कायदा आहे : पुरावशेष आणि कलानिधी अधिनियम, १९७२. शंभर वर्षांपेक्षा जुनी वस्तू आणि पंच्याहत्तर वर्षांपेक्षा जुना ऐतिहासिक दस्तऐवज त्याच्या कक्षेत येऊ शकतो. पहिल्या महायुद्धाच्या मेडलाने शंभरी ओलांडली आहे, १९४६ च्या डिस्चार्ज सर्टिफिकेटाने पंच्याहत्तरी. अशा वस्तूंचा धंदा करायला परवाना लागतो आणि त्या परदेशी नेता येत नाहीत. लिलावाची पाटी लावण्याआधी जिल्ह्याच्या ठिकाणी हे विचारून घेतलं का?

आणि मुळात त्या वस्तू विकायचा हक्क पंचायतीला कुणी दिला? आम्ही त्या ठेवायला दिल्या होत्या. देताना पावती मिळाली नाही, कुणी मागितलीही नाही, कारण तेव्हाचे सरपंच आणि देणारे सगळे एकमेकांच्या घरचे होते. त्या विश्वासावर आज 'निरुपयोगी' असा शिक्का बसतो आहे. १९७१ च्या लढाईत नवरा गेलेल्या आपल्या गावच्या आजींनी संग्राम मेडल आणि नवऱ्याची जर्सी दिली आहे. जर्सीला भोकं आहेत म्हणून ती यादीत भंगाराच्या रकान्यात आली आहे. सरपंचताई, तो रकाना तुम्ही वाचला होता का? मला वाटतं नसेल वाचला. वाचला असता तर तुम्ही सही केली नसती.

माझ्या मागण्या साध्या आहेत.

ठरावाची अंमलबजावणी आजच थांबवा आणि ठेकेदाराला तसं लेखी कळवा. पॉलिश, रंग, लॅमिनेशन, भोक, काहीही नको.

प्रत्येक वस्तूचा पुढून, मागून आणि कडेचा फोटो काढून ती जडवस्तू नोंदवहीत (डेड स्टॉक रजिस्टरात) चढवा. कुणाची, कुणी दिली, केव्हा दिली, अवस्था काय. देणाऱ्या घराला सहीशिक्क्याची पावती द्या आणि त्यात स्पष्ट लिहा की मालकी त्या घराची आहे, पंचायत फक्त सांभाळते. ज्यांना वस्तू परत हवी त्यांना ती परत मिळाली पाहिजे.

तोफेची केस आणि गोळ्यांचा डबा पोलिसांमार्फत बॉम्बशोधक पथकाकडून तपासून घ्या. तोवर ते बंद खोलीत, मुलांपासून दूर.

कूलर किंवा कपाट, दोन्हींपैकी एक हलवा, हे उद्या सकाळीसुद्धा होईल. कपाटात ओल शोषणारं सिलिका जेल ठेवा आणि एक आर्द्रतामापक लावा. खिडकीचं ऊन रिबिनींवर येतं, तिथे जाड पडदा.

हिरवे ठिपके आलेल्या मेडलांसाठी नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयाला पत्र लिहून सल्ला मागा. अजब बंगला १८६३ पासून वस्तू सांभाळतो आहे. गरज पडली तर लखनौला सांस्कृतिक संपदेच्या संवर्धनाची राष्ट्रीय प्रयोगशाळा आहे, तिलाही लिहिता येईल. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयालाही प्रत पाठवा.

आणि यापुढे या खोलीबद्दलचा कुठलाही निर्णय माजी सैनिक आणि वस्तू देणाऱ्या घरांच्या समितीला विचारल्याशिवाय होऊ नये. त्या समितीत १९७१ वाल्या आजी हव्यातच.

ठरावातला पैसा वाया जाईल अशी काळजी करू नका. फोटो, पाकिटं, सिलिका जेल आणि पडदा यांना त्यातला थोडाच भाग लागेल. कपाटाच्या बिजागऱ्या आणि कुलूप मी स्वखर्चाने नीट करून देतो. आयुध निर्माणीतून निवृत्त झालेले दोघं जण गावात आहेत, त्यांनीही हात लावायची तयारी दाखवली आहे. मेडलांना हात लावताना हातमोजे घालायचे, एवढी शिस्त आम्ही सगळे पाळू. घामातलं मीठही धातूला खातं.

१५ ऑगस्टच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्या. ठराव रद्द करण्याची सूचना मी मांडणार आहे आणि वस्तू देणारी घरं तिला अनुमोदन देणार आहेत. तोवर कपाटाची चावी ग्रामसेवक साहेबांकडेच राहावी, ठेकेदाराकडे जाऊ नये. ती दिली गेली असेल तर आज संध्याकाळपर्यंत परत घ्या, आणि कपाटातली प्रत्येक वस्तू जागेवर आहे का, हे आम्हा चार जणांसमोर मोजून दाखवा.

आपला,
दुसऱ्या महार बटालियनच्या एका शिपायाचा नातू